ठाण्यानंतरची हाक

१

रोज सकाळी शाळेत माझं पहिलं काम म्हणजे हजेरी. कळव्याला सातवीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. हेडबाई सांगतात, रोल नंबर घ्या, वेळ वाचतो. मी नाही घेत. नाव घेतलं की पोर मान वर करून "हजर, बाई" बोलतं, आणि तेवढ्यावरून मला कळतं कोण उपाशी आलंय आणि कोण घरी मार खाऊन आलंय. एखादा आला नसेल तर त्याचा मित्र आवाज बदलून त्याची प्रॉक्सी टाकतो. तीही मला मान वर न करता कळते. माझा नवरा विकी चिडवतो, "तुझे कान म्हणजे सीसीटीव्ही." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल हिला भास होतात. मला राग येतो, माझं डोकं दुखतं, पण भास मला कधी झालेले नाहीत.

आता चांगदेव. मोहन्याचा चांगदेव, "तिसरी पाळी" या बँडचा. बाप कंपनीत पाळीला जायचा, पोरगा कॉलनीत भोंगा ऐकत वाढला आणि गिटार घेऊन मराठीत असा ओरडायला लागला की आमच्या पट्ट्यातल्या पोरांना वेडच लागलं. मोठ्या पेपरवाल्यांनी त्याला कधी विचारलं नाही. पण कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही रिक्षात बसा, तोच वाजायचा. पुढे काविळीने गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही मेल्याने. अजून त्याचा आवाज अचानक कुठून आला तर माझ्या हातातलं काम थांबतं.

त्याचं शेवटचं गाणं नेहमी एकच, "हजेरी". "भोंगा झाला, गेट उघडलं, कोण कोण आलंय सांगा," एवढं गाऊन तो गिटार दाबून धरायचा आणि एकेका गावाचं नाव घ्यायचा. मोहने? तिथली पोरं ओरडायची, हजर. आंबिवली? हजर. शहाड, कल्याण, डोंबिवली, कळवा, असं करत ठाणे. आपल्या गावाचं नाव आलं तरच तोंड उघडायचं, दुसऱ्याच्या नावाला नाही, हा त्याचा नियम. ठाण्याचं "हजर" पडलं की ड्रम आणि गिटार एकदम कोसळायचे आणि संपलं.

विकी त्याचा माझ्याहून मोठा भक्त. पण त्याने चांगदेवला प्रत्यक्ष कधी बघितलंच नाही. तो बडोद्याला लिफ्टचं काम शिकत होता, आणि परत आला तोवर चांगदेव गेलेला. मी डोंबिवलीच्या मैदानातला शो बघितलाय, तोही अर्धाच, बाबा स्कूटर घेऊन गेटवर उभे होते म्हणून. तरी मी विकीला चिडवायचे, "मी होते, तू नव्हतास." तो हसायचा नाही. "एकदा तरी तिथे असायला पाहिजे होतो गं," बोलायचा, आणि उठून दुसऱ्या कामाला लागायचा.

२

दर वर्षी चांगदेवच्या वाढदिवसाच्या आसपासच्या रविवारी आम्ही त्याच्या आठवणीत जमतो. हल्ली आमच्या बाळकुमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमतो, कारण विकी कमिटीवर आहे. सेक्रेटरीची अट एकच, दुपारी काय तो धिंगाणा घाला, दिवेलागणीला सगळं बंद. मोहन्याची जुनी मंडळी येतात, शहाडचे येतात. पूर्वीचे काळे टी-शर्ट पोटावर ताणून घालतात. समोसे असतात, थंडा असतो, कोणीतरी गिटार आणतो आणि सगळ्यांचा सूर सुटलेला असतो. मला फार आवडतो तो दिवस.

या वर्षी ऐन वेळी विकीला फोन आला. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट अडकलेली, आत माणसं. तो गेला. जाताना तोंड एवढंसं झालेलं. बंटी त्याला बोलला, "जा बे, तुझी प्रॉक्सी मी टाकतो." बंटी विकीचा जिगरी दोस्त, कळव्याला मोबाइलचं दुकान आहे, स्पीकर आणि गाण्यांचं खातं त्याच्याकडे.

शेवटी सगळे उभे राहिले आणि बंटीने "हजेरी" लावलं, त्या डोंबिवलीच्या शोचं रेकॉर्डिंग. हे गाणं आम्ही गात नाही. फक्त आपापल्या गावाला ओरडतो. मोहने झालं, आंबिवली झालं. कल्याणला तर छप्पर उडालं. कळव्याला बंटी घसा फाडून ओरडला. ठाणे आलं, आम्ही बाळकुमवाले सगळे ओरडलो, आणि मी ड्रमची वाट बघत डोळे मिटले.

ड्रम आले नाहीत. गिटार तशीच दाबलेली, तिची घरघर चालू राहिली. गर्दीची कुजबुज ऐकू येत होती. मग चांगदेवने श्वास घेतला, माईकच्या अगदी जवळ, आणि कोणालातरी गर्दीत शोधत असल्यागत बोलला, "विकी?"

सगळे हसायला लागले. बंटीचा काहीतरी चावटपणा असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. बंटीही हसला, आणि हात वर करून ओरडला, "हजर!"

मग ड्रम पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या आवरायला घेतल्या. मी बंटीकडे बघितलं तर तो स्पीकरकडे बघत उभा होता, हात अजून अर्धा वर.

३

"भारी केलंस," मी त्याला बोलले. "विकी असता तर रडला असता."

"वहिनी, मी काय केलं?"

"ते नाव. ॲपवर बनवलंस ना?"

"मला वाटलं तुम्ही केलंत," बंटी बोलला. "आईशप्पथ वहिनी. मी फक्त प्ले दाबलं. नाव आलं, म्हणून आपलं हजर टाकलं."

बंटी थापाड्या आहे. एकदा त्याने मला माझाच जुना फोन नवा म्हणून विकायचा प्रयत्न केलेला. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हल्ली काय, मेलेल्या माणसाकडून बातम्यासुद्धा वाचून घेतात. घोडं कुठे पेंड खातंय ते मला बरोबर कळलंय, असं समजून मी घरी आले.

संध्याकाळी विकी आला. त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं बरं झालं, बंट्याने एक तरी काम चांगलं केलं. "ऐकव ना," विकी बोलला. बंटीची फाइल माझ्याकडे नव्हती. माझ्या फोनमध्ये माझी स्वतःची होती, लग्नाच्याही आधीपासूनची, प्रत्येक नव्या फोनमध्ये मीच टाकत आलेली. ती काही उपयोगाची नव्हती, बंटीने घातलेलं नाव तिच्यात कुठून येणार. तरी मी लावली.

ठाण्यानंतर ड्रम आले नाहीत. "विकी?" चांगदेव बोलला.

आणि गर्दीतून, लांबून, कोणीतरी घसा फाडून ओरडलं, हजर. मैदानातला आवाज होता तो, उघड्यावरचा, मागे जनरेटरची घरघर. पण ओरडणारा बंटी होता. रोज पोरांचे आवाज ओळखणारी बाई आहे मी, मला बंट्याचा आवाज कळणार नाही? हे गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा बंटी साताऱ्याला मामाकडे राहत होता.

"बाप रे," विकी बोलला, आणि हसला. "लावली की साल्याने प्रॉक्सी."

मला हसू आलं नाही. मी फोन उलटा करून ठेवला आणि भाकऱ्या करायला गेले.

४

नंतर सुरू झालं ते इतकं किरकोळ की सांगायलाही लाज वाटते. मी किचनमधून हाक मारायचे, "विकी, टॉवेल दे," आणि तो ओ द्यायचा नाही. नवऱ्यांचं हे असतंच. मी चिडून बाहेर यायचे तर तो टॉवेल घेऊन उभा. "अगं, दिला ना ओ. आलो, बोललो की." असं दोनदा झालं, चारदा झालं. मला वाटलं माझेच कान गेले, आणि तेही मी मान्य करायला तयार नव्हते.

मग एकदा सासूबाई बोलल्या. माझी सासू, तुळसा, बाळकुमचीच, जुन्या मिठागराच्या काठावर जन्मलेली. आम्ही प्रमाण बोलायला शिकलो, पण त्या अजून त्यांच्याच बोलीत. जेवणाच्या वेळी हॉलमधून त्या विकीला हाका मारत होत्या, मारत होत्या, शेवटी उठून बेडरूमच्या दारात गेल्या. "कं रं पोरा," त्या बोलल्या, "मना ओ का देत नय? आवर्‍या हाका मारल्या."

"आई, प्रत्येक हाकेला ओ दिला गं," विकी बोलला. समोर उभा राहून बोलला ते आम्हाला ऐकू आलं, पण बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखं.

कानाच्या डॉक्टरकडे आम्ही तिघंही जाऊन आलो. कान ठीक. विकीचा घसा ठीक. फोनवर मात्र लोक त्याला "आवाज येत नाही" सांगून कट करायला लागले. बंटी रोज दुकान सोडून घरी यायचा, नवा हेडफोन, नवा फोन, काही ना काही आणायचा, आणि विकीच्या समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याची गंमत कधीच संपलेली.

आणि मग ते माजिवड्याच्या टॉवरमध्ये झालं. लिफ्टच्या कामात विकी लिफ्टच्या टपावर उभा असतो आणि जोडीदार वर मशीनरूममध्ये. विकी "घे" बोलला की लिफ्ट हलवायची, "थांब" बोलला की थांबवायची. सगळं आवाजावर. त्या दिवशी लिफ्ट वर जात होती, विकी "थांब" ओरडला, आणि जोडीदाराला काहीच ऐकू गेलं नाही. विकी टपावर पालथा पडला म्हणून वाचला. पाठ सोलून निघालेली.

मी त्याच्या पाठीला हळद लावत होते. "तू कामावर जायचं नाही," मी बोलले. "मी पाय धरते तुझे, पण हे थांबेपर्यंत जायचं नाही."

तो काहीतरी बोलला. त्याचे ओठ हललेले मला आरशात दिसले. मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. तो बोलत होता, "काय थांबेपर्यंत?"

५

ते गाणं परत ऐकायचं नाही असं मी ठरवलेलं. पण शाळेत मधल्या सुट्टीत माझा पाय एका जागी ठरत नव्हता. वह्या तपासायला घ्यायचे, ठेवून द्यायचे. शेवटी स्टाफरूमच्या कोपऱ्यात इअरफोन घातले आणि "हजेरी" लावलं. पहिल्यापासून, नीट, हजेरी घेते तशी.

भोंगा झाला, गेट उघडलं. गर्दी गातेय. त्या गर्दीतून, जरा डावीकडून, कोणीतरी सहज बोललं, "आलो गं, दोन मिनिटं."

मी इअरफोन काढले. समोर चित्रकलेच्या बाई डबा खात होत्या. परत घातले.

"हो आई, जेवायला येतो."

"अगं, टॉवेल देतोय की."

गर्दीच्या आवाजात दबलेलं, दोन ओळींच्या मध्ये, ड्रमच्या मागे. एवढ्या दिवसांत आम्हाला न मिळालेले त्याचे सगळे ओ. एकही चुकलेला नव्हता. बिचारा खरंच प्रत्येक हाकेला ओ देत होता. आणि आंबिवलीच्या आसपास, सगळ्यांच्या वर, जिवाच्या आकांताने, "थांब, अरे थांब, थांबव."

मी बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, आणि तासावर गेले, आणि काय शिकवलं ते देव जाणे.

घरी येऊन विकीच्या कानात इअरफोन घातले. मला वाटलं तो घाबरेल, मग आपण दोघं मिळून घाबरू, काहीतरी करू. तो डोळे मिटून ऐकत राहिला. त्याचा पाय ठेका धरत होता. गाणं संपलं तरी त्याने इअरफोन काढले नाहीत. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"किती पुढे उभा आहे गं मी," तो बोलला. "अगदी स्टेजला लागून."

असा राग आला मला. घरात बायको आहे, म्हातारी आई आहे, पाठ अजून भरली नाही, आणि हा माणूस खूश. मी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि रडले. आमच्याहून त्याला ती गर्दी जवळची वाटत होती, याचा मला मत्सर वाटत होता, आता लपवून काय करायचं.

६

डोंबिवलीचे सुधीरकाका चांगदेवच्या सगळ्या शोचा साउंड बघायचे. बँड संपला तसं त्यांनी ते काम सोडलं. मूळ टेप त्यांच्याकडेच आहे, कपाटात, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती ते कोणाला देत नाहीत हेही. माझं डोकं अजून चालत होतं. म्हटलं, फोनमधल्या फायलींचं काय, त्या कुठूनही बिघडतील. कपाटातल्या टेपला कोणी हात लावलेला नाही. ती एकदा नीट ऐकली की साप की दोरी ते कळेल.

शनिवारी अर्धी शाळा करून मी विकीला घेऊन गेले. लख्ख दुपार होती. जुन्या बिल्डिंगमधलं स्वच्छ घर, खिडकीत तुळस, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. काकांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ दर्शना," ते म्हणाले, "चांगदेव गेल्यापासून ही टेप मी लावलेली नाही. माझं मन झालं नाही. पण तुझ्या मनातला किंतू जाणार असेल तर लावतो. ठाण्यानंतर काहीही नाही. मी स्वतः तिथे होतो."

त्यांनी जुनं मशीन पुसलं, टेप बसवली, मोठे स्पीकर जोडले. गाणं सुरू झालं आणि काका दोन कडव्यांतच खुर्चीत पुढे सरकले.

"हा मुलगा कोण?" ते म्हणाले.

स्पीकरमधून विकी म्हणत होता, "आलो गं."

"प्रेक्षकांचा आवाज घ्यायचा माईक मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात लावला होता. हा त्या माईकला अगदी खेटून उभा आहे. असा कोणी तिथे असता, तर मी त्याला तिथून हटवला असता." त्यांनी विकीकडे बघितलं. विकी मान डोलावत होता. "तुम्ही आला होतात का त्या दिवशी?"

विकी बोलला. ओठ हलले, खोलीत काही आलं नाही. स्पीकरमधून मात्र, कल्याणच्या जल्लोषात, स्वच्छ आलं, "हो काका, आलोय ना."

काकांनी झटकन टेप थांबवली. खाली मुलांचा आउटवरून वाद चाललेला, तो तेवढा ऐकू येत राहिला. काका उठून आत गेले, पाणी प्यायले, परत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"ही टेप मी जाळून टाकतो," ते म्हणाले.

"नको," मी बोलले. "आत हा आहे."

७

माझ्या वर्गात प्रॉक्सी पडली की ती खोडायची एकच रीत आहे. खरा मुलगा तर तिथे नसतोच. मग दुसऱ्या कोणीतरी उठून सांगायचं, "बाई, तो आला नाय." कोणी ना कोणी चुगली करतंच. तेवढं बोललं की मी फुली मारते. चांगदेवही हजेरीच घेत होता ना? मग त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. मास्तरीण बाईचं डोकं, दुसरं काय सुचणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते एकदम बरोबर वाटलं.

"काका, ठाण्यापासून लावा," मी बोलले. "फक्त एकदा."

ते नको नको म्हणत होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. शेवटी त्यांनी टेप पुढे घेतली, आवाज कमी ठेवला, आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. मी विकीच्या शेजारी सोफ्यावर बसले, एक हात त्याच्या मानेमागे घातला आणि दुसऱ्या हाताने त्याचं तोंड घट्ट दाबून धरलं. ऐन वेळी त्याने स्वतःच ओ दिला असता, आणि तो दिला असता याची मला खात्री होती. त्याने विरोध केला नाही. माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला.

ठाणे? हजर. गिटारची घरघर. कुजबुज. तो श्वास.

"विकी?"

बंटीचं हजर पडायच्या आत मी बोलले. ओरडले नाही, नीट बोलले, पालकसभेत बोलते तशी. "तो आला नाही. तो घरी आहे. माझ्याजवळ."

बंटीचं हजर आलं नाही.

गर्दी गप्प झाली. एवढी माणसं एकदम गप्प होतात तेव्हा कपडे घासल्याचा आवाज येतो, तो येत होता. जनरेटर चालू होता. मला वाटलं झालं, खोडलं त्याने. माझ्या जिवात जीव आला. मी विकीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग स्टेजवर बूट वाजले. चांगदेव माईक घेऊन कडेला आला असावा, डाव्या बाजूला, कारण त्याचा आवाज जवळ आला. तो चिडलेला वगैरे नव्हता. आवाज तोच, आमचा लाडका, थोडा बसलेला. कोण बोललं ते त्याला कळलं होतं. त्याने गर्दीत बघितलं असावं, आणि विचारलं, "दर्शना?"

मी दात आवळून बसले. जीभ टाळ्याला लावली. नाही म्हणजे नाही, मेले तरी तोंड उघडणार नव्हते. माझ्याकडे काका बघत होते, आणि मी मानेनेच त्यांना सांगत होते, बंद करा, बंद करा.

"हजर," विकी बोलला.

केवढ्या प्रेमाने बोलला. बायकोला उशीर झाला म्हणून तिची जागा धरून ठेवलेल्या माणसासारखा. स्पीकरमधून बोलला, आणि मग ड्रम पडले आणि गर्दी ओरडली.

त्याचं तोंड माझ्या हाताखाली होतं. ते हललं नव्हतं.

८

आता विकीचा आवाज मला स्वच्छ येतो. बेडरूममधून येतो, बाथरूममधून येतो, हाक मारली की लगेच ओ देतो, पहिल्यापेक्षा जास्त. आम्ही दोघं खूप बोलतो. मागे ती जनरेटरची घरघर असते, तिची सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही. मी सारखी उठते, खिडकी लावते, पंखा बंद करते, परत बसते. शाळेत रजा टाकलीय. बंटी येतो, दारातच उभा राहतो, रडतो, आणि जातो.

हाल आईंचे झाले. सुरुवातीला त्या आम्हाला दोघांनाही हाका मारायच्या. आम्ही समोर बसून ओ द्यायचो आणि त्या आमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. "अगो, येक सबूद तरी बोला," बोलायच्या. मी घसा ताणून बोलायचे. त्या पदर तोंडाला लावायच्या. मला त्यांना मिठी मारता येते, चहा देता येतो, पाय चेपता येतात. फक्त ऐकवता येत नाही.

मग बंटीला त्यांची दया आली असावी. त्याने त्यांना माझ्या फोनवर ते गाणं लावून दिलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं तेव्हा फोन हातातून पडला. दुसऱ्यांदा त्या ऐकता ऐकता हसल्या. आता दुपारची कामं आवरली की त्या गॅलरीत खुर्ची टाकून, आमच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून बसतात. मध्येच मान डोलावतात. लेक आणि सून दोघंही त्यांच्याशी बोलतात, मग त्यांनी आमच्याकडे कशाला बघायचं?

आज गाणं संपत आलेलं मला लांबूनही कळलं. ठाणे झालं. ड्रम आले नाहीत. आईंनी फोन कानाशी घट्ट दाबला आणि ऐकायला लागल्या, जरा पुढे वाकून. विकी हातातला पेला ठेवून उठून उभा राहिला. मी गॅलरीकडे धावले. मला त्यांच्या हातून फोन हिसकावून घ्यायचा होता, पण त्याआधी भीतीने तोंडातून ओरडणंच निघालं, होतं नव्हतं तेवढ्या सगळ्या आवाजाने.

"आई," मी ओरडले, "आई, काही झालं तरी ओ देऊ नका."

त्यांना ऐकू गेलं, फोनमधून. त्यांचा चेहरा केवढा फुलला. कितीतरी दिवसांनी सुनेने त्यांना हाक मारली होती.

"ओ," त्या बोलल्या.